लागू पडलेलं औषध

सलाईनच्या खोलीत चार आरामखुर्च्या होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत शिंपीणबाई बसत, आणि त्या दिवशी त्या नवी अंगठी दाखवावी तसा हात पुढे धरून बसल्या होत्या. अंगठी नव्हती. अंगठ्याच्या बुडाशी, सुया टोचून टोचून राठ झालेल्या कातडीवर, नखाएवढा पांढरा डाग उमटला होता.

“तळपायाला काळा डाग आला तेव्हा सगळं घर रडलं,” त्या म्हणाल्या, “आणि आता हाताला पांढरा आला तर मोठ्या डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, छान झालं.”

“म्हणजे रंगकाम सुरू आहे तुमच्याकडे,” बाबा म्हणाले. “आधी काळा हात मारला, आता पांढरा.”

“हसा, हसा. जळताय तुम्ही, लिफ्टवाले.”

बाबा जळतच होते. मागे स्टुलावर बसलेल्या त्यांच्या मुलीला ते त्यांच्या मानेवरूनसुद्धा कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी शिंपीणबाईंना नीट समजावून सांगितलं होतं. त्यांचा कॅन्सर कातडीला रंग देणाऱ्या पेशींतूनच उठला होता. औषधाने त्यांच्या अंगातल्या पहारेकरी पेशी जाग्या झाल्या होत्या आणि त्या जातीची पेशी दिसेल तिथे तिला मारत सुटल्या होत्या. म्हणून चांगल्या कातडीचाही रंग उडत होता. ही गोष्ट त्या एका कॅन्सरची होती, त्या एका बाईची होती. पण चार खुर्च्यांच्या त्या खोलीत ऐकलेली गोष्ट कुणा एकाची राहत नसे. दुपारपर्यंत तिचा अर्थ एवढाच उरला, की ज्याच्या अंगावर काही उमटतं त्याला औषध लागू पडलं.

“माझे गुडघे धरलेत,” पलीकडच्या खुर्चीतले मास्तर म्हणाले, आणि पैज जिंकल्यासारखे मागे टेकले. “सकाळी पाय खाली टेकवत नाही.”

“वा,” शिंपीणबाई म्हणाल्या. “तुमचंही कामाला लागलं म्हणायचं.”

बाबांकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. “आमच्याकडे साधी खाजसुद्धा नाही,” ते म्हणाले. “पिशवी चढते आणि कुठे गडप होते कोण जाणे.”

“नसू दे ना, बाबा. चांगलं आहे की,” मुलगी म्हणाली.

“तुला काय कळतंय, चिंतू.”

चिंतू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहान असताना, बाबा कामावरून आले की ती विचारायची, लिफ्टचा दोर तुटला तर? बाबा सांगायचे, दोर एक नसतो, पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी ती विचारायची, सगळे तुटले तर? तेव्हापासून ती चिंतू झाली. पुढे विज्ञानाची पदवी झाली, लग्न झालं, ठमी झाली, तरी चिंतूची चिंतूच राहिली. ठमी झाल्यावर तर काळजीला बूडच उरलं नाही. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची तिला सवय लागली होती. बाबांचं दुखणं निघालं तेव्हा ती नवऱ्याला आणि पोरीला घेऊन बाबांच्या दोन खोल्यांत राहायला आली, आणि आता हे बोट दोन नाकांखाली जायचं. बाबा एकदा जागे होते. डोळे न उघडता म्हणाले, “चालू आहे अजून. जा, झोप.”

त्यांचा कॅन्सर मूत्रपिंडातला. मूत्रपिंड काढलं, तरी वर्षभरात फुप्फुसांत गाठी दिसल्या. केस जातात, उलट्या होतात ते नेहमीचं औषध या जातीच्या कॅन्सरला दाद देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. मग त्यांनी या नव्या औषधाचं सांगितलं. शरीरात पहारेकरी असतात, ते परक्याला ओळखतात आणि मारतात. पण स्वतःच्याच घरावर उठू नयेत म्हणून त्यांना ब्रेक असतो. कॅन्सर लबाड, तो नेमका तो ब्रेक दाबून धरतो. हे औषध तो ब्रेक सोडवतं.

बाबांनी उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत काढलेला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे बाई, तुम्ही ब्रेक काढून गाडी सोडणार. आमच्याकडे असं केलं तर तुरुंगात घालतात.”

“म्हणून तर तुमच्यावर एक काम सोपवतेय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. “काही म्हणजे काही झालं तरी आम्हाला सांगायचं. पोट बिघडलं, दम लागला, पुरळ आलं, डोळे लाल झाले. पहारेकरी सुटले की कधी कधी घरच्यांनाच धरतात. लवकर कळलं तर आवरता येतं. लपवलं तर नाही.”

“लपवायचं कशाला?” बाबा म्हणाले होते.

चिंतूने ते ऐकलं होतं, आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड घरी आल्या आल्या फ्रिजवर चिकटवलं होतं.

तिसऱ्या डोसानंतर स्कॅन झाला. गाठी आक्रसल्या होत्या. दोन तर शोधाव्या लागत होत्या. डॉक्टरीणबाईंनी पडदा बाबांकडे वळवून दाखवलं. बाबा बराच वेळ त्या करड्या चित्राकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “हे माझंच आहे ना? बदली नाही ना झालं कुणाशी?” त्या रात्री घरात सगळे उगाचच मोठ्याने बोलत होते. जावई येताना कलिंगड घेऊन आला. ठमीने सालीपर्यंत खाल्लं, आणि तिचं पोट दुखेल म्हणून चिंतू सोडून कुणीच काळजी केली नाही.

पुढच्या डोसाला गेले तर मास्तरांची खुर्ची रिकामी.

“खोकला झाला होता त्यांना,” शिंपीणबाईंनी आवाज उतरवून सांगितलं. “सरळ माणूस. विचारलं तसं सांगून टाकलं. फुप्फुसाला सूज म्हणे. स्टेरॉइड सुरू केलं आणि हे औषध बंद. पहारेकरी पुन्हा झोपवून टाकले.”

“कायमचं बंद?” बाबांनी विचारलं.

“तसंच दिसतंय. तोंड उघडलं आणि खुर्ची गेली.”

सिस्टर आत आल्या तशा शिंपीणबाई गप्प झाल्या. पण बाबा त्या खुर्चीकडे बघत राहिले. पिशवी संपेपर्यंत त्यांनी एकही विनोद केला नाही.

हे सगळं चिंतूला नंतर जसंच्या तसं आठवलं. तेव्हा मात्र ठमीला सर्दी होती, आणि तिचं अर्धं लक्ष घरी होतं.

आधी रेडिओ बदलला. बाबा सकाळी बातम्या बारीक आवाजात ऐकायचे, ठमी उठू नये म्हणून. आता न्हाणीघरात जाताना रेडिओ मोठा होऊ लागला. मग नळ. आत गेले की नळ सुरू, बाहेर येईपर्यंत सुरू. ज्या माणसाने आयुष्यभर टपकत्या नळाला तार गुंडाळली, तो पाणी असं सोडणार नाही, एवढं तिला कळत होतं. मग बाबा जेवायला सगळ्यांबरोबर बसेनासे झाले. “मागून बसतो,” म्हणायचे. आणि एक दिवस ठमीला जुलाब झाले म्हणून तिने वरचा डबा काढला, तर ओआरएसची पाकिटं संपलेली. महिन्यापूर्वी तिनेच डबा भरून ठेवला होता. काळजी करणाऱ्या बाईच्या घरात अशा गोष्टी संपत नाहीत.

तिने रिकामा डबा बाबांच्या पुढ्यात ठेवला.

बाबांनी डबा उपडा करून बघितला. मग म्हणाले, “नारंगी चवीचं बरं लागतं. दुसरं अगदीच मचूळ.”

“किती दिवस झाले?”

“झाले थोडे.”

“बाबा.”

“आठवडा. त्याच्या आसपास.” मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. “अगं, लागू पडलंय. कळत नाही का तुला? गाठी विरघळल्या त्या काय हवेवर? शिंपीणबाईंच्या हातावर दिसतं, माझ्या पोटात चाललंय. सुरुवातीला काही होत नव्हतं तर मीच घाबरलो होतो.”

“शिंपीणबाईंचं वेगळं आहे. त्यांचा कॅन्सरच—”

“तू शिकलेली आहेस, माहीत आहे मला. मीच शिकवलंय.”

ती फ्रिजवरच्या कार्डाकडे वळली. बाबा उठले आणि तिच्या आणि फ्रिजच्या मध्ये येऊन उभे राहिले. एवढ्या हालचालीनेही त्यांना धाप लागली. पट्ट्याला त्यांनी नवं भोक पाडलं होतं, खिळ्याने पाडावं तसं वाकडंतिकडं.

“मास्तर गेले,” ते म्हणाले.

“गेले म्हणजे?”

“गेले म्हणजे गेले. शिंपीणबाईंचा फोन आला होता. औषध बंद केलं आणि महिनाभरात संपले.” त्यांनी तिचं मनगट धरलं. हात गरम होता. “चिंतू, मला एक डोस घेऊ दे. फक्त पुढचा. मग स्कॅन होईल, गाठी राहिल्या नसतील, तेव्हा मीच सांगतो. मग करा काय बंद करायचं ते. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही.”

“मला नाही जमणार.”

“ठमीची शपथ घे.”

आतल्या खोलीत ठमी भिंतीशी बोलत होती. चिंतू बाबांकडे बघतच राहिली. शपथेने काही होत नाही, हे तिला पुस्तकातून माहीत होतं आणि पुस्तकाबाहेरही माहीत होतं. पण आई झालेल्या बाईकडून ही गोष्ट मागायची म्हणजे काय मागायचं, हे बाबांनाही माहीत होतं. त्यांनी नजर खाली घातली, पण मनगट सोडलं नाही.

“घे,” ते म्हणाले.

तिने घेतली.

डोसाला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत तिने मऊ भात केला, केळी आणली, नारंगी चवीची पाकिटं आणली, आणि जिभेवर निखारा ठेवल्यासारखी घरात वावरली. नवऱ्याने विचारलं, बाबा वाळल्यासारखे का दिसताहेत. ती म्हणाली, उन्हाळा आहे. हॉस्पिटलमधून आदल्या दिवशी नेहमीचा फोन आला. बाबांनीच घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “एकदम फर्स्ट क्लास.” फोन ठेवला आणि भिंत धरत न्हाणीघराकडे गेले. नळ सुरू करायचंही त्यांना जमलं नाही. बाहेर उभ्या असलेल्या चिंतूने सगळं ऐकलं. आज फक्त पाणी नव्हतं. त्यांनी घाईने फरशी धुतली होती, तरी उंबऱ्याशी एक लालसर थेंब राहिला होता. तिने तो पायपुसण्याने पुसला. ठमीने विचारलं, “काय सांडलं?” ती म्हणाली, “रंग.”

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः चालत सलाईनच्या खोलीत गेले. दाढी केली होती. गालात बोळे भरल्यासारखं हसत होते. शिंपीणबाईंचे डाग आता मनगटापर्यंत पोचले होते.

“या, लिफ्टवाले. आज वर का खाली?”

“वरच. खालचं बटण काढून टाकलंय.”

सिस्टरनी सुई लावली, मिठाचं पाणी सुरू केलं. औषधाची पिशवी खालून तयार होऊन आली होती. आदल्या दिवशी फोनवर सगळं ठीक म्हटल्यावर ती तयार करतात, आणि एकदा तयार केली की ती त्याच माणसाची, दुसऱ्या कुणाला चालत नाही. सिस्टरनी पिशवीवरचा नंबर बाबांच्या मनगटावरच्या पट्टीशी जुळवून बघितला. मग नेहमीचं विचारलं.

“दम? खोकला?”

“छे.”

“अंगावर काही?”

“नशिबातच नाही.”

“पोट कसं आहे, काका?”

“घड्याळासारखं.”

सिस्टर हसल्या आणि पिशवी खुंटीला अडकवायला वळल्या. चिंतू स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत ठमीचा एक मोजा होता, तो तिने मुठीत घट्ट धरला होता. तिला ठमी दिसली, मग उंबऱ्यावरचा थेंब दिसला, आणि मग पिशवीतून नळीत उतरायला निघालेलं ते पाण्यासारखं औषध दिसलं.

“रोज आठ-दहा वेळा जातात,” ती म्हणाली. “काल रक्त होतं.”

आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. सिस्टरचा हात नळीच्या चाकावर गेला आणि चाक बंद झालं. “काका?” त्या म्हणाल्या. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. शिंपीणबाईंनी डाग पडलेला हात शालीखाली घेतला.

सिस्टरनी पिशवी काढली. ती पांढऱ्या ताटलीत घालून परत नेताना दारातून त्यांनी एकदा वळून चिंतूकडे बघितलं, बरं केलंस अशा नजरेने. ती नजर चिंतूला चाबकासारखी लागली.

बाबा तेवढ्यात एवढंच म्हणाले, “ठमीची घेतली होतीस.”

आतड्याला भयंकर सूज होती. डॉक्टरीणबाईंनी चिंतूला बाहेर बोलावून सांगितलं, की आणखी एक डोस गेला असता तर आतडं फाटलं असतं, आणि मग हातात काही राहिलं नसतं. बाबा तीन आठवडे हॉस्पिटलात होते. स्टेरॉइडने जुलाब थांबले, चेहरा फुगून गोल झाला, भूक राक्षसासारखी लागू लागली. औषध मात्र कायमचं बंद. ते सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, “थांबवल्यावरही पुष्कळांचं टिकतं. पहारेकऱ्यांना एकदा ओळख पटलेली असते.”

“मास्तरांचं टिकलं?” बाबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. “त्यांचं नाही टिकलं. पण तो वेगळा कॅन्सर होता.”

“सगळ्यांचंच वेगळं असतं,” बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

घरी आल्यावर ते ठमीशी बोलत. जावयाशी बोलत. चिंतूशी लागेल तेवढंच बोलत. मीठ दे, दिवा घालव. ते रागावले असते, ताटाला हात मारला असता तर तिला सोपं गेलं असतं. ते उलट जपून वागत, परक्या बाईशी वागावं तसं. ताट स्वतः उचलून मोरीत ठेवत. आणि इकडे ठमीला ताप आला. साधा, दोन दिवसांचा, पाळणाघरातून सगळ्या पोरांनी आणलेला. पण चिंतू त्या दोन रात्री थर्मामीटर हातात घेऊन बसून राहिली. नवऱ्याने समजावलं, मग चिडला, मग त्याच्याच लक्षात आलं की हे प्रकरण तापाचं नाही. त्याला शपथेचं माहीत नव्हतं.

दुसऱ्या रात्री बाबा दारात येऊन उभे राहिले. गोल चेहऱ्याचे, बारीक पायांचे.

“उतरला?”

“उतरतोय.”

ते तिथेच घुटमळले. मग म्हणाले, “ते मी मागायला नको होतं.”

“काय?”

“माहीत आहे तुला काय.” त्यांनी दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं, तेल हवंय की काय बघितल्यासारखं. “भ्यालो होतो मी. भ्यालेला माणूस कशालाही हात घालतो. पोरीला काही होत नाही. झोप आता.”

तिला विचारायचं होतं, की आणि दुसरं? मी बोलले ते? पण ते गेले होते.

पाच महिने टिकलं. त्या पाच महिन्यांत बाबांनी ठमीला खोक्याची लिफ्ट करून दिली, दोरीवर वरखाली होणारी. इमारतीच्या लिफ्टचं दार कुरकुरत होतं ते स्वतः उतरून नीट केलं आणि नव्या मेकॅनिकला चार शब्द सुनावून आले. चिंतूबरोबर पुन्हा जेवायला बसू लागले. मग एका स्कॅनमध्ये जुन्या जागी नव्या गाठी आल्या, आणि त्यापुढच्या स्कॅनमध्ये हाडांतही.

चिंतू डॉक्टरीणबाईंना एकटी गाठून म्हणाली, “मी त्या दिवशी बोलले नसते तर?”

“तर ते तेव्हाच गेले असते.”

“नक्की?”

डॉक्टरीणबाई दमलेल्या दिसत होत्या. “बहुतेक,” त्या म्हणाल्या. “नक्की असं आम्हाला फार थोडं माहीत असतं. मी तुमच्या जागी असते तर बोलले असते. आणि मग मलाही हेच वाटत राहिलं असतं.”

त्यानंतर हॉस्पिटलात जाणं संपलं. घरी वेदनेचं औषध सुरू झालं, मापाच्या टोपणातून द्यायचं, आणि आठवड्यातून दोनदा एक सिस्टर फोन करून चौकशी करू लागल्या. पहिल्यांदा मात्रा वाढवली तेव्हा बाबा दिवसभर झोपले. दुखणं गेलं, त्याबरोबर तेही गेले. ठमी खाटेशी जाऊन आली आणि आईला म्हणाली, “आबा बंद.” संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, पण चिंतूला ओळखायला त्यांना वेळ लागला.

चार-सहा दिवसांत शरीराला त्या मात्रेची सवय झाली आणि सकाळी थोडा वेळ बाबा परत येऊ लागले. रात्रीच्या औषधाचा अंमल उतरलेला, सकाळचं अजून द्यायचं. तासभर असेल. त्या तासात ते बोलत. चिंतूची आई लिफ्टमध्ये कशी अडकली होती आणि तिला काढायला गेलेल्या मेकॅनिकशी तिने कसं भांडण केलं, आणि मग त्याच मेकॅनिकशी लग्न कसं केलं. एका इमारतीच्या तळघरात मांजरीने कंट्रोल पॅनलमागे पिलं घातली म्हणून चार दिवस लिफ्ट बंद कशी ठेवली. त्या दिवसाचा विषय दोघांनी कधीच काढला नाही, पण बोलता बोलता ते तिला चिंतू म्हणत, आणि तिला वाटे, एवढंही पुरे आहे.

त्या तासात त्यांचा हात खाटेच्या कडेवर असे. बोटं पांढरी होत. वाक्य मध्येच तुटे, ते डोळे मिटून काही तरी जाऊ देत, आणि मग तिथूनच पुढे सुरू करत. चिंतूला ते दिसत होतं. तिला नेहमीच सगळं दिसायचं. सकाळचं औषध ती आणखी थोडं लांबवू लागली. हे झालं की देते, ते झालं की देते.

सिस्टरनी फोनवर विचारलं, “दुखणं कसं आहे?”

“आहे आटोक्यात,” चिंतू म्हणाली.

पुढच्या खेपेलाही तेच म्हणाली. सांगितलं असतं तर मात्रा वाढली असती आणि तो तास गेला असता. फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली.

त्यानंतरचा फोन सकाळी आला. ठमीला भरवत होती म्हणून चिंतूने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. भूक कशी, झोप कशी, पाणी पितात का. ती उत्तरं देत गेली.

“आणि दुखणं?”

“आटोक्यात आहे.”

“नाहीये आटोक्यात.” आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. “सिस्टर, ती खोटं सांगतेय.”

चिंतूच्या हातातला चमचा तसाच राहिला. ठमीने तोंड उघडं ठेवलं होतं.

“काका, फोन जवळ घेता का?” सिस्टर म्हणाल्या.

चिंतू उठली आणि फोन खाटेशी धरून उभी राहिली. बाबांनी सगळं सांगितलं. कमरेत कुठे, मांडीत कुठपर्यंत, पहाटे कसं असतं, कूस बदलताना काय होतं. एकही विनोद केला नाही, एकही गोष्ट झाकली नाही. सिस्टर मध्ये मध्ये हं म्हणत होत्या. शेवटी त्यांनी नवी मात्रा सांगितली आणि चिंतूकडून ती दोनदा म्हणवून घेतली.

फोन बंद झाल्यावर बाबा दमून पडून राहिले. चिंतू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळत नव्हतं.

“रागावलीस?”

तिने नाही अशी मान हलवली. रागच आला होता. लहान पोरासारखा, पाय आपटावेत असा. आणि त्याखाली दुसरं काही तरी होतं, जे सलाईनच्या खोलीत समोरच्या भिंतीकडे बघणाऱ्या त्या माणसालाच फक्त माहीत असणार.

“मला तुम्ही जागे हवे होतात,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“थोडे दिवस.”

“मी पण तेवढंच मागत होतो,” बाबा म्हणाले. मग खाटेच्या कडेवरचा हात त्यांनी बाजूला सरकवून जागा केली. “तू बोललीस ते बरोबरच होतं गं. मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून राग यायचा थांबत नाही, एवढंच.”

ती त्या जागेवर बसली. बाहेर ठमीने वाटी पालथी केल्याचा आवाज आला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

“आण आता,” बाबा म्हणाले. “फार झालं.”

तिने टोपणात औषध ओतलं. नव्या खुणेपर्यंत आलं की नाही, ते खिडकीकडे धरून बघितलं. एक थेंब कमी होता. तो तिने घातला, त्यांच्या मानेखाली हात देऊन डोकं उचललं, आणि टोपण ओठांना लावलं. कडू होतं, त्यांनी तोंड वाकडं केलं. मग तिने त्यांचा हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. ठमीचं, पाळणाघराचं, लिफ्टच्या दाराचं, जे सुचेल ते. बोटं हळूहळू सैल होत गेली. मध्ये एकदा ती थांबली तेव्हा बाबा डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले, “सांग ना,” आणि ती पुढे सांगत राहिली. पुढे त्यांचं हूं यायचं थांबलं, तरी ती सांगत राहिली.